घरच्या धिंगरीचे घोडे अडले ते स्पॉनपाशी

मुंबईतल्या सदनिकेत धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, वाढवणे अवघड नाही, असे मी आता ठामपणे म्हणू शकते. अवघड आहे ते जिवंत स्पॉन हातात पडणे. उकडलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली ही पांढरी बुरशी म्हणजे अळिंबीचे बियाणे. ते धड नसेल तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

जागेचा प्रश्न लगेच सुटला. मुलुंडच्या आमच्या घराला मागच्या बाजूस ऊन न येणारी बंदिस्त बाल्कनी आहे. भाताचा पेंढा एका तबेल्यातून मिळाला. आंब्याच्या पेटीतला पेंढा वापरा, असा सल्ला पुष्कळ जण देतात, परंतु तो बहुधा आधीच दमट होऊन कुबट वास मारू लागलेला असतो. पेंढा त्याच हंगामातला, पिवळाधमक आणि पावसात न भिजलेला असावा.

स्पॉन मी परजिल्ह्यातील एका विक्रेत्याकडून आगाऊ पैसे भरून मागवले. मे महिना होता. पार्सल शुक्रवारी भिवंडीच्या गोदामात पोहोचल्याचा संदेश आला आणि त्यानंतर ते तेथेच मुक्कामाला राहिले. कुरिअरच्या मदत क्रमांकावर दर वेळी नवा आवाज आणि तेच उत्तर मिळत असे: "मॅडम, उद्या नक्की डिलिव्हरी होईल." पुढे तर ‘ग्राहक घरी उपलब्ध नाही’ असा शेरा पडला. मी दिवसभर घरातच होते, आणि आमच्या फाटकावरच्या वहीत नाव, वेळ व सही केल्याशिवाय कोणताही कुरिअरवाला वर येऊ शकत नाही. त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढून मी तक्रारीसोबत पाठवला. त्यावर तक्रार क्रमांक आला, पार्सल मात्र आले नाही.

एखादे पुस्तक उशिरा आले असते तर मी इतकी चिडले नसते. स्पॉन ही सजीव वस्तू आहे. बंद पाकिटातही ते श्वसन करते, त्यातून उष्णता निर्माण होते, आणि एकावर एक रचलेली पाकिटे पत्र्याच्या गोदामात पडून राहिली की आतले तापमान बाहेरच्यापेक्षाही वाढते. धिंगरीची बुरशी २० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान सुखाने वाढते. ४० अंशांच्या वर बराच काळ राहिली तर मरते. विक्रेता मात्र "स्पॉनला पंधरा दिवस काही होत नाही" हेच पालुपद आळवत होता. ते फ्रीजमधल्या स्पॉनला लागू पडते, भिवंडीतल्या नाही.

अखेर पाकिटे आली, तेव्हा त्यांच्या तळाशी पिवळे पाणी साचले होते आणि उघडताच आंबूस वास आला. विक्रेता म्हणाला, "ताई, पिवळं पाणी नॉर्मल असतं, बिनधास्त भरा." हे अर्धेच खरे आहे. ताण आला की बुरशी पिवळा द्रव सोडते आणि थोडासा द्रव असला म्हणून स्पॉन टाकून देण्याचे कारण नसते. परंतु त्याच्या जोडीला आंबट वास आणि बुळबुळीत दाणे असतील तर जिवाणूंचा शिरकाव झाला आहे, असे समजावे.

अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा पुठ्ठ्याची चाचणी करावी. साध्या, छपाई नसलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे पाण्यात उकळून, निथळून, गार करून झाकणाच्या डब्यात पसरावेत आणि त्यांवर पाकिटाच्या मधले व कडेचे दाणे वेगवेगळे ठेवावेत. स्पॉन जिवंत असेल तर दोन-तीन दिवसांत दाण्यांभोवती पांढरे तंतू पसरू लागतात. माझ्या डब्यात कडेच्या काही दाण्यांनी जीव धरला. मधले दाणे, जेथे उष्णता कोंडली होती, तसेच्या तसे काळपट पडून राहिले. ती छायाचित्रे पाहिल्यावर विक्रेत्याने पैसे परत न करता ‘पुढच्या ऑर्डरवर सवलत’ देऊ केली. ती मी वापरलेली नाही आणि वापरणारही नाही.

या सगळ्या काळात पेंढा कोरडाच ठेवला होता, याचे मला आजही समाधान वाटते. स्पॉन हातात येऊन तपासून झाल्याशिवाय पेंढा भिजवू नये. मुंबईच्या उकाड्यात भिजलेला पेंढा दुसऱ्या दिवशी आंबतो आणि त्याचा वास शेजाऱ्यांच्या घरापर्यंत पोहोचतो. कुरिअरने मागवणे भागच असेल तर पाकिटावरची तयार केल्याची तारीख आधी विचारून घ्यावी आणि पार्सल सोमवारीच रवाना करण्याचा आग्रह धरावा.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचे केंद्र आहे. तेथे आगाऊ चौकशी करून मी स्वतः गेले आणि स्पॉन थर्मल पिशवीत घालून, रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातून ठाण्यापर्यंत मांडीवर आणले. ते पांढरेशुभ्र होते आणि त्याला अळिंबीचा मंद, गोडसर वास होता. त्या पाकिटांकडे पाहून झालेला आनंद पुढे पहिल्या तोडणीलाही झाला नाही.

यापुढचे काम सरळ आहे. पेंढ्याचे ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे रात्रभर भिजवून, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून, निथळून पूर्ण गार करावेत. मूठ घट्ट दाबल्यावर एखाद-दुसराच थेंब पडला पाहिजे. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे ५ किलोच्या पिशवीला १०० ग्रॅम स्पॉन थराथराने घालावे. पिशवीला भोके पाडून ती अंधारात ठेवली की साधारण १५ ते २० दिवसांत ती पांढरी होते.

हिरवे डाग दिसले तर ती ट्रायकोडर्मा बुरशी असते. ती पिशवी बाल्कनीत न उघडता तशीच बांधून बाहेर काढावी, कारण तिचे बीजाणू बाकीच्या पिशव्यांवर बसतात. देठ लांब आणि टोपी चिमुकली येत असेल तर खत किंवा पाणी कमी पडले आहे असे नव्हे, कार्बन डायऑक्साइड कोंडला आहे. खिडकी उघडावी, मात्र तिला बारीक जाळी लावावी, नाहीतर चिलटांसारख्या माश्या पिशव्यांत अंडी घालतात. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतच पुरेसा ओलावा असतो, त्यामुळे पाण्याची फवारणी हात राखूनच करावी. टोप्यांवर पाणी साचून राहिले की त्या पिवळ्या पडतात.

फ्रीजविषयी सांगायचे राहिले. पांढऱ्या आणि करड्या धिंगरीचे स्पॉन फ्रीजमध्ये टिकते, गुलाबी धिंगरीचे थंडीने मरते. गुलाबी जात आणलीच तर लगेच भरावी.

तोडणी टोपीची कड वर वळण्याआधी करावी आणि देठ चाकूने न कापता पिळून काढावा, म्हणजे मागे राहिलेला तुकडा कुजत नाही. कड वळली की बीजाणूंची बारीक पांढरी भुकटी उडू लागते आणि बंद घरात त्याने खोकला लागतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर पिशव्या झोपण्याच्या खोलीजवळ ठेवू नयेत आणि तोडणी करताना मास्क लावावा.