तुम्ही विचारलेत म्हणून: एवढ्याशा मुलीला प्लास्टर कशाला?

पाठीचा कणा बाजूला वाकत होता (स्कोलिओसिस), म्हणून एवढ्याशा मुलीला छातीपासून कंबरेपर्यंत प्लास्टरमध्ये ठेवायला तुमचा जीव कसा धजावला, मोठी झाल्यावर कण्याला आधार देणारा पट्टा लावला नसता का, असे मला आजही विचारले जाते. विचारणारे बहुधा अशाच बाळांचे आईवडील असतात.

मुलगी 13 महिन्यांची असताना तिला न्हाऊ घालताना पाठीची डावी बाजू हाताला उंच लागली. पहिल्या डॉक्टरांनी वाट पाहायला सांगितले. ते सर्वस्वी चूक नव्हते, कारण या वयातील कण्याचे बरेच बाक आपोआप जातात. पण जाणारा कोणता आणि वाढणारा कोणता, हे एक्स-रेवर मोजता येते. लंडनमधील स्टॅनमोरच्या अस्थिशल्यविशारद मिन मेहता यांनी 1972 मध्येच ते मोजमाप दिले होते: बाकाच्या शिखरावरील मणक्याशी दोन्ही बाजूंच्या बरगड्यांचे जे कोन होतात, त्यांतील फरक 20 अंशांहून अधिक असेल, तर बाक वाढण्याचा धोका मोठा. आमचा फरक 27 अंश निघाला, तोवर पाच महिने हातचे गेले होते. त्याची हळहळ मला अजून आहे.

पट्टा काढता येतो. प्लास्टर रात्रंदिवस अंगावर राहते. बाळाला भूल देऊन, चौकटीवर ताणून, पिळलेला कणा हलकेच उलट फिरवून ते घालतात आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. पहिल्या दोन वर्षांत मूल झपाट्याने वाढते, आणि त्या वाढीलाच सरळ वळण लावायचे असते. मेहतांनी 2005 मध्ये 136 मुलांचे निष्कर्ष मांडले. सरासरी 19 महिन्यांच्या वयात आलेल्या 94 मुलांचे कणे सरळ झाले; सरासरी अडीच वर्षांच्या वयात आलेल्या 42 मुलांचे बाक कमी झाले, पण गेले नाहीत. हे आकडे वाचल्यावर थांबणे मला शक्यच नव्हते.

पहिला आठवडा वाईट गेला. ती रडायची आणि तोल जाऊन पडायची. पोटासमोर प्लास्टरला मोठी खिडकी असते. वरणभात खाल्ला की तिचे पोट त्यातून टम्म वर यायचे, आणि आत गेलेली शिते काढताना मला घाम फुटायचा. दुसऱ्या आठवड्यात मात्र ती सोफ्यावर चढू लागली. अंघोळ फक्त दोन प्लास्टरांच्या मधल्या रात्री मिळायची, आणि त्या रात्री पाणी गार झाले तरी ती टबातून उठत नसे.