रस्त्याकडेला कोणते झाड?

रस्त्यावरची धूळ आणि धूर पानांनी अडावा म्हणून आमच्या दादरच्या सोसायटीत कुंपणालगत झाडे लावायचे ठरले, तेव्हा बहुतेकांचा कल गुलमोहराकडे होता. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. देखणा खरा, पण नेमक्या कोरड्या महिन्यांत त्याची पाने गळू लागतात. मुंबईची हवा सर्वाधिक बिघडते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पाऊस नसताना आणि वारा मंदावलेला असताना. म्हणून त्या काळात ज्याच्या अंगावर पाने टिकतात, असे झाड मला हवे होते. बकुळ या कसोटीला उतरते, कारण ती सदाहरित आहे आणि तिची पालवी दाट असते.

पानाचा पोतही महत्त्वाचा. पारिजातकाचे पान अंगठ्याने चोळून पाहिले, तर पॉलिश कागदासारखे खरखरीत लागते आणि बोटावर राखाडी डाग उरतो. अशा खडबडीत किंवा लव असलेल्या पानांवर धूळ अधिक चिकटते. अर्थात ती तेथे कायमची राहत नाही. पावसाने धुऊन मातीत जाते किंवा वाऱ्याने पुन्हा उडते.

अरुंद गल्लीत मात्र उंच, दाट झाडांची कमान धूर खालीच कोंडून ठेवते. तेथे गाड्यांच्या धुराड्यांच्या पातळीवर अडुळसा किंवा मेंदीचे दाट कुंपण अधिक उपयोगी. आम्ही अखेर तेच केले. बकुळीला आतल्या मोकळ्या अंगणात जागा मिळाली.