शिरेवर शीर

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षी माझ्या वहीच्या मागच्या पानांवर शब्दांची एक यादी वाढत गेली होती. तेव्हा साडेचार वर्षांच्या असलेल्या त्या अभ्यासक्रमातले पहिले काही महिने शरीर शिकण्यापेक्षा शरीराची नावे घोकण्यातच अधिक जातात. 'हेमी' म्हणजे अर्धे, 'पॅरेसिस' म्हणजे कमजोरी, 'प्लेजिया' म्हणजे पुरता लुळेपणा, शेवटी 'आयटिस' आले की दाह आणि 'अल्जिया' आले की वेदना. 'अ‍ॅबडक्शन' आणि 'अ‍ॅडडक्शन' ही जोडी कानाला इतकी सारखी लागे, की आमच्या मॅडम एबी-डक्शन, एडी-डक्शन अशी अक्षरे सुटी करून म्हणत. पाय शरीराच्या मधल्या रेषेपासून दूर न्यायचा की जवळ आणायचा, हे त्या एका अक्षरावर ठरायचे.

या घोकंपट्टीत जीव रमला तो एका दुपारी, 'पॅटेला' या शब्दाचा मूळ अर्थ कळला तेव्हा. लॅटिनमध्ये पॅटेला म्हणजे लहानशी ताटली. आपण गुडघ्याची वाटी म्हणतो. दोन्हीकडच्या माणसांनी त्या गोल हाडाला हात लावून पाहिला आणि दोघांनाही स्वयंपाकघरच आठवले! मग मी प्रत्येक नाव उकलून पाहू लागले. 'गॅस्ट्रोक्नेमियस' हे नाव लिहिताना दरवेळी एखादे अक्षर गळत असे. त्याची फोड केली, तर ग्रीक 'गॅस्टर' म्हणजे पोट आणि 'क्नेमे' म्हणजे गुडघ्याखालचा पाय. पायाचे पोट, म्हणजे आपली पोटरीच की. 'कॉक्सिक्स'च्या बाबतीत मात्र वाटा फुटतात. ग्रीकांना त्या हाडात कोकिळेची चोच दिसली आणि आपल्याला माकडाचे शेपूट. ते हाड शेपटाचाच अवशेष असल्यामुळे माकडहाड हे नाव मला अधिक पटते, आणि यात मातृभाषेचा अभिमान थोडासा असेलही.

सर्वांत गोड 'सार्टोरिअस'. शरीरातला हा सर्वांत लांब स्नायू कमरेच्या हाडापासून निघतो, मांडीवरून तिरका उतरतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला टेकतो. 'सार्टर' म्हणजे शिंपी. जुने शिंपी ज्या बैठकीत शिवत बसत, तिच्यावरून हे नाव आले, असे वर्गात सांगितले गेले आणि ती बैठक कशी ते समजावण्यासाठी फळ्यावर आकृतीही काढली गेली. आकृती कशाला हवी होती? मांडी वर घेणे, बाहेर फाकवणे, बाहेरच्या बाजूला वळवणे आणि गुडघा दुमडणे, या चार हालचाली एकत्र केल्या की मराठीत मांडी घालणे होते, आणि पंगतीत जेवलेल्या कोणालाही ते शिकवावे लागत नाही.

रुग्णांच्या तोंडचे शब्द कोणत्याच यादीत नव्हते. ते इंटर्नशिपमध्ये एकदम अंगावर आले. चमक भरते, उसण भरते, लचकही भरते. कळ मात्र येते आणि ठणका लागतो. मी शहरात वाढलेली असल्यामुळे उसण म्हणजे काय, हे मला रुग्णालाच विचारावे लागले होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर 'ही कसली डॉक्टर' असे स्पष्ट उमटलेले मी पाहिले. मुंग्या येतात, हे मला कळत होते. पण लॅटिनमध्येही मुंगीला 'फॉर्मिका' म्हणतात आणि अंगावर काहीतरी चालल्याच्या भासाला त्यावरूनच 'फॉर्मिकेशन' म्हणतात, हे बऱ्याच उशिरा कळले. (हा शब्द तोंडी परीक्षेत फार जपून उच्चारावा; एक अक्षर चुकले की इंग्रजीत भलताच अर्थ होतो.)

काही शब्द दवाखान्यातून घरी जातात आणि उलटे होऊन परततात. एक्स-रेमध्ये दोन मणक्यांमधले अंतर कमी झालेले दिसते, डॉक्टर 'गॅप कमी झाली आहे' असे सांगतात आणि पुढच्या खेपेस रुग्ण येतो तो 'मणक्यात गॅप पडलीय' म्हणत. मी आता दुरुस्त करत नाही. नेमके काय दुखते, ते विचारते.

इंटर्नशिपच्या त्या महिन्यांतली एक आजी मला अजून आठवते. व्यायामाच्या खाटेवर बसता बसता तिने पोटरी गच्च धरली आणि ती म्हणाली, "पोरी, शिरेवर शीर चढली गं." शीर शिरेवर चढत नाही, हे मी नुकतेच शिकले होते. तिची शीर म्हणजे नेमके काय? रक्तवाहिनी, मज्जातंतू, स्नायू की स्नायूचे दोरखंडासारखे टोक? तिच्या लेखी सगळे एकच होते. मला हसू आले, पण नंतर ते जिरले. मराठीत स्नायू म्हणजे मांसपेशी. हिंदीत 'स्नायु तंत्र' म्हटले की मज्जासंस्था. सुश्रुतसंहितेत पेशी ५०० आणि स्नायू ९००, म्हणजे दोन्ही वेगळे. तिथला स्नायू हा बांधून ठेवणारा तंतू. ग्रीक 'न्यूरॉन'चा अर्थही आधी तंतू, धनुष्याची दोरी असाच होता आणि मज्जातंतू हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. म्हणूनच 'अ‍ॅपोन्यूरोसिस' (स्नायूचे चपटे, पडद्यासारखे टोक) या शब्दातल्या 'न्यूरो'चा मज्जातंतूशी काडीचाही संबंध नाही, आणि दरवर्षी पहिल्या वर्षाची मुले तिथेच हमखास फसतात.

"आजी, गुडघा सरळ ठेवा आणि पायाची बोटे स्वतःकडे ओढून धरा," असे म्हणत मी तिच्या तळव्याला हाताने रेटा दिला. पोटरीतला गोळा बोटांना दगडासारखा लागत होता; तो हळूहळू सैल होत गेल्याचे तिच्या चेहऱ्याआधी माझ्या हाताला कळले. केसपेपरवर मी 'काफ मसल स्पॅझम, पॅसिव्ह स्ट्रेचिंगने आराम' अशी व्यवस्थित नोंद केली. तोवर आजी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना पाय दाखवत होती. "उतरली बघा शीर," ती म्हणाली, "चढली होती तश्शीच उतरली."