हायफनची वही: आता कारणावार
पाट्या-नोटिशींवर इंग्रजी उपसर्गांनंतर हायफन, म्हणजे जोडणारी छोटी आडवी रेघ, कुठे येतो ते मी एका वहीत टिपतो. या महिन्यात वहीची मांडणीच बदलली. आधी नोंदी उपसर्गावार होत्या: प्री, को, री, नॉन. आता कारणावार करतोय, म्हणजे हायफन तिथे कशासाठी आलाय ते बघून. काम वाढलं, पण मजा जास्त येतेय.

सगळ्यात भरलेलं पान ‘को-ऑपरेटिव्ह’चं. ठाण्यात नौपाडा-घंटाळीकडे गल्लोगल्ली सोसायट्या, त्यामुळे नोंदींना तोटा नाही. एका जुन्या इमारतीच्या गेटवर सुटी पितळी अक्षरं बसवलेली आहेत. हायफन म्हणजे पेराएवढी पट्टी, मधोमध एकच स्क्रू, आणि अजून सरळ रेषेत. पलीकडच्या नव्या टॉवरच्या पाटीवर मात्र दोन ‘ओ’ एकमेकांना खेटलेले. अमेरिकन कोशांप्रमाणे तेही बरोबर. पण ‘को-ऑप’ असं आखूड केलंत की हायफन हवाच, नाहीतर ‘कूप’ वाचलं जातं, म्हणजे कोंबड्यांचं खुराडं! आपल्याकडे हा हायफन इतका टिकला त्याचं श्रेय मी कायद्याला देतो. महाराष्ट्राच्या सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्याच्या इंग्रजी नावातच तो आहे.

अर्थासाठी येणारा हायफन मला सगळ्यात प्रिय. ‘रिडेव्हलपमेंट’ला तो लागत नाही, कारण दुसरं काही वाचलंच जात नाही. पण त्याच रिडेव्हलपमेंटच्या करारावर सभासदांनी पुन्हा सही करायची असेल, तर नोटिशीत ‘री-साइन’ हायफन घालूनच लिहायला हवं. तो गाळला की ‘रिझाइन’ वाचलं जातं, म्हणजे सगळ्यांनी राजीनामे द्या असा अर्थ होतो. सोफ्याचं ‘री-कव्हर’ आणि आजारातून ‘रिकव्हर’ होणं, तीच गत.

स्वरांच्या पानावर वाद आहेत. एपी स्टाइलबुकने, म्हणजे असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या लेखननियमांच्या पुस्तकाने, २०१९ मध्ये ‘रीइलेक्ट’सारख्या शब्दांतल्या दोन ‘ई’मधला हायफन काढला. शिकागो मॅन्युअल हे दुसरं अमेरिकन नियमपुस्तक दोन ‘आय’ लागून आले की ठेवतं, म्हणून ‘अँटी-इन्फ्लमेटरी’. मला हे पटतं. दोन ‘आय’ शेजारी आले की डोळा अडखळतोच.

विशेषनाम किंवा आकडा पुढे आला की प्रश्नच नाही: ‘अँटी-ब्रिटिश’, ‘प्री-१९४७’. ‘एक्स-’ आणि ‘सेल्फ-’ यांचंही तसंच.

पुढची फेरी वाशीला, दवाखान्यांच्या पाट्यांसाठी. ‘मल्टीस्पेशालिटी’ सलग किती, तुटक किती, हे बघायचंय. कुणाकडे १९६० च्या आधीच्या सोसायटीच्या पाटीचा फोटो असेल तर जरूर दाखवा, त्यासाठी पान कोरं ठेवलंय.