30 बाय 40 चा पाया आणि दोन कर्ण

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी घराच्या पायाची आखणी होती. मिस्त्रींनी खुंट्या ठोकल्या, दोरी ओढली. बाजू बरोबर 30, 40, 30, 40 फूट. मी म्हटलं, "झालं की मग मामा, फक्की मारूया." "कुठलं वो झालं! तिरकं माप धरा आधी."

टेपचं टोक पुतणीच्या हातात. ती नववीला, मराठी माध्यमात. चौकोनांचे गुणधर्म तिला तोंडपाठ. एक कर्ण आला 51 फूट, दुसरा 49 ला पाव इंच कमी. काटकोन असता तर पायथागोरसप्रमाणे दोन्ही 50 यायला हवे होते. डोळ्यांना आयत दिसत होता, होता मात्र समांतरभुज चौकोन. मागची 40 ची दोरी तशीच ठेवून पुढच्या दोन्ही खुंट्या एकाच दिशेला सव्वा फुटाच्या आसपास सरकवल्या, बाजूंची मापं राखली, तेव्हा कुठं 50-50 जुळलं.

"म्हणजे कर्ण सारखे आले की आयत, होय ना काका?" नाही. इथंच पोरं फसतात. तिथंच पडलेल्या दोन सारख्या काठ्या सुतळीनं बांधून तिला दाखवलं. दोन्हींच्या मध्यावर गाठ मारली की टोकं जोडून आयतच होतो, काठ्या कशाही फिरवा. काटकोनात धरल्या की चौरस. गाठ दोन्ही काठ्यांवर मध्यापासून सारखीच एका टोकाकडं सरकवली की मात्र समद्विभुज समलंब चौकोन, म्हणजे समोरासमोरच्या दोनच बाजू समांतर पण लहानमोठ्या, उरलेल्या दोन तिरक्या बाजू सारख्या. कर्ण सारखे, आयत नाही! म्हणून मिस्त्री बाजू आधी मोजतात.

मग लहानमोठ्या काठ्या घेतल्या. मध्यावर बांधून तिरक्या धरल्या तर समांतरभुज, काटकोनात धरल्या तर समभुज. काटकोन तसाच ठेवून एकाच काठीवरची गाठ मध्यापासून हलवली की पतंग. तक्ता पाठ करण्यापेक्षा तिला तीनच प्रश्न विचारायला लावले, आणि याच क्रमानं: कर्ण एकमेकांना दुभागतात का? लांबी सारखी का? काटकोनात छेदतात का? पहिल्याला 'नाही' आलं तर आयत, समभुज, चौरस तिघेही बाद.

पुढचं अंगण रस्त्याच्या वळणामुळं एका अंगाला निमुळतं झालंय. तिथले कर्ण तिनं हौसेनं मोजले: सारखे नाहीत, दुभागत नाहीत, काटकोनही नाही. मिस्त्री म्हणाले, "तिथं तुळस लावा."