‘सुंदर आहे’ म्हणताना

बेळगाव, आषाढ

सकाळपासून पावसाची झड होती, तरीही आज किल्ल्यातल्या कमल बस्तीत जाऊन आले. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली बांधवलेले हे नेमिनाथाचे जैन मंदिर. मुखमंडपात उभे राहून मान वर केली की छतातून खाली उमललेले दगडी कमळ दिसते. पाकळ्यांची वर्तुळे एकात एक उतरत जातात आणि पाहता पाहता तो दगड आहे याचा विसर पडतो. शेजारी एक कानडी आजोबा नातवाला म्हणत होते, “नोडु, एष्टु चंद ऐती!” (बघ, किती सुंदर आहे!) एवढे म्हणून त्यांनी माझ्याकडेही पाहिले. ओळख ना देख, पण मीही होकार द्यावा अशी त्यांच्या नजरेत अपेक्षा होती. मी मान डोलावली.

घरी आल्यापासून ती नजर मनातून जात नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० साली सौंदर्याविषयी जे लिहिले, त्याचे मर्मच त्या नजरेत होते. मला आपल्या बेळगावची मिठाई, कुंदा, आवडतो असे मी म्हणते, तेव्हा तो तुम्हालाही आवडावा असा माझा आग्रह नसतो; पण ‘हे सुंदर आहे’ असे म्हणते, तेव्हा समोरच्यानेही ते मान्य करावे अशी मागणी मी नकळत करत असते, आणि ती मागणी सिद्ध करायला माझ्याजवळ कोणताही पुरावा नसतो. ‘ज्याची त्याची आवड’ हे आपण किती सहज म्हणतो! ते खरे असते, तर आजोबांना माझ्याकडे पाहण्याचे कारणच नव्हते.

मग सगळ्यांची मते सारखी का नसतात? याचे उत्तर मला गेल्या महिन्यात इथल्या विणकरांच्या वडगावात मिळाले. भाचीच्या लग्नासाठी घेतलेली साडी मी शेजारच्या मावशींना दाखवायला नेली. त्यांचे अख्खे आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलेले. त्यांनी साडी दारातल्या उजेडात नेली, दोन्ही काठ जवळ धरले आणि म्हणाल्या, “डाव्या काठाचा हिरवा नि उजव्या काठाचा हिरवा एक न्हवं बघ.” मला काहीच फरक दिसेना. त्यांनी पुन्हा एकदा काठ तिरपे धरले, तेव्हा कुठे एकात किंचित पिवळी झाक दिसली, आणि एकदा दिसल्यावर ती नजरेआड होईना. पुढे विणकाराकडून कळले की एका काठाचे सूत कमी पडल्याने दुसऱ्या वेळी रंगवलेली लडी वापरली होती.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने रुचीवरच्या १७५७ च्या निबंधात सांगितलेली, ‘डॉन किहोते’ कादंबरीतल्या सांचो पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट अगदी अशीच आहे. दारू चाखून एकाने तिला चामड्याची, तर दुसऱ्याने लोखंडाची चव आहे असे सांगितले. लोक हसले; पण पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. मला ही गोष्ट फार आवडते, पण ती पुरेशी वाटत नाही. दोष हेरणे हा रुचीचा एक भाग झाला. त्याच मावशी ट्रंकेतली त्यांच्या सासूची जुनी शहापुरी साडी काढून, काही न बोलता तिच्या पदरावरून हात फिरवत बसतात, तेव्हा त्या काही शोधत नसतात. तिथे मला काश्मीरचा जुना संस्कृत काव्यमीमांसक अभिनवगुप्त जवळचा वाटतो. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि त्यामुळे जे वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतात, ते सहृदय, असे तो म्हणतो. त्याने हे काव्याविषयी लिहिले, पण मावशींच्या मनाचा आरसा सुताने आणि रंगाने घासला गेला आहे, एवढाच काय तो फरक.

कांट मात्र इथे अडवतो. निखळ सौंदर्यनिर्णयात वस्तूच्या उपयोगाचा विचार नसावा, असे तो सांगतो. दगडी कमळापुरते मी ते मान्य करते. साडी नेसायचीच असते. ती कमरेला किती सैल बसेल, निऱ्या कशा पडतील, हे सारे मावशींच्या ‘झकास’ या एका शब्दात असते, आणि ते वगळून उरलेले सौंदर्य अधिक शुद्ध ठरते हे मला अजून पटलेले नाही.

संध्याकाळी मावशींना कमळाविषयी सांगितले. जन्म बेळगावात गेला, तरी त्यांनी ते कधी पाहिलेले नाही. पाऊस उघडला तर रविवारी दोघी जाणार आहोत. मी आधी काहीच सांगणार नाही. त्यांचा डोळा कोणत्या पाकळीपाशी थांबतो, ते मला पाहायचे आहे.