‘उंची’ नावाचा रकाना आणि माझे सात महिने

माझ्या कल्पनारम्य कादंबरीचा खर्डा पाच महिन्यांत लिहून झाला. ती स्वीकारली गेली, करार झाला, मुद्रितशोधनही वेळेत उरकलं. त्यातलं काही सांगत बसत नाही, कारण तिथे काही अडलंच नाही. अडलं ते एका कागदावर. चित्रांसाठी ‘पात्र-तक्ता’ म्हणून एक पान भरून द्यायचं होतं : नाव, वय, अंगलट, पोशाख, उंची. चार रकाने मी एका बैठकीत भरले. पाचव्याने सात महिने खाल्ले, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही. छोट्या माणसांवर लिहिणाऱ्या आणखी कुणाचे असे महिने जाऊ नयेत, म्हणून हे लिहितेय.

माझ्या गोष्टीतली माणसं छोटी आहेत. नायिकेचं नाव ठिपकी. तिच्या उंचीच्या रकान्यात मी लिहिलं, ‘वीतभर’. याहून नेमका शब्द मला सुचत नव्हता. बोटभर, टीचभर, वीतभर, अंगठ्याएवढं, मुठीएवढं असे मापाचे इतके शब्द आपल्याकडे असताना इंच-सेंटिमीटर कशाला, असं मला मनापासून वाटत होतं.

तीन आठवड्यांनी तक्ता परत आला. खाली एकच ओळ होती : ‘प्रमाण जुळत नाही. दुरुस्त करून पाठवावे.’ कशाचं प्रमाण, कशाशी जुळत नाही, कितव्या पानावर, काही नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, चित्रविभागाचा शेरा आहे. आम्ही फक्त पुढे पाठवतो.’ मग चित्रकारांशीच बोलते म्हटलं, तर ‘तशी पद्धत नाही.’

चूक माझ्या लिखाणात असणार असं धरून मी शिसपेन्सिल घेऊन अख्खी कादंबरी पुन्हा वाचली. खरोखरच चुका सापडल्या, आणि त्या गंभीर होत्या. तिसऱ्या प्रकरणात ठिपकीचा आजा काडेपेटीत पाय पसरून झोपतो. काडेपेटी पाच सेंटिमीटरची. म्हणजे म्हातारा दोन इंचांचा आणि नात वीतभर! पाचव्यात शिवायची सुई तिची तलवार होती. चार सेंटिमीटरची सुई तिच्या हातात फार तर खंजिराएवढी दिसेल. मग मी तिला दाभण दिला. नवव्या प्रकरणात ती खारीवर बसून पळते. त्या प्रसंगावर माझा फार जीव होता, पण त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

सगळं दुरुस्त करून तक्ता आणि संहिता परत पाठवली. महिन्याने कागद आला, तीच ओळ, तेच अक्षर. तिसऱ्या वेळी मी ‘वीतभर’च्या पुढे ‘म्हणजे हाताच्या पसरलेल्या पंजाएवढी’ असं लिहिलं. पुन्हा परत. चौथ्या वेळी तर दोन महिने काहीच हालचाल नाही, आणि शेवटी कळलं की तक्ता कुणाच्या तरी खणात पडून होता. त्या दिवशी मी फोन ठेवला आणि रडले. पाच रकान्यांच्या कागदासाठी कुणी माणसाला इतकं ताटकळत ठेवू नये. जुळत नाही हे ज्याला दिसतं, त्याला कुठे जुळत नाही हेही दिसत असतं. ते लिहायला अर्धी ओळ पुरली असती.

पाचव्यांदा तक्ता आला तेव्हा मी पत्र लिहून बजावलं की चित्रकारांशी बोलल्याशिवाय मी त्यावर अक्षर लिहिणार नाही. आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. आवाज शांत होता. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘ताई, तुमची वीत किती?’

मला प्रश्नच कळेना. ते म्हणाले, ‘मी नऊ इंच धरलीय. बारा अंगुळांची एक वीत, दोन वितींचा एक हात, आणि हात अठरा इंचांचा. पण मग सातव्या प्रकरणात ती पुस्तकाआड लपते कशी? डेमी आकाराचं पुस्तक साडेआठ इंच उंच. तिचं डोकं वर दिसतंय.’

मी टेबलावर पंजा पसरला. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पट्टी लावली. सात इंच. माझी वीत सात इंचांची आहे! ठिपकीला मी नेहमी माझ्या हाताने मोजत आले होते. सात इंचांच्या ठिपकीला पुस्तकाच्या वरच्या कडेला बोटं लावायची तर हात वर ताणावा लागतो, आणि मी अगदी तसंच लिहिलं होतं. ते मात्र पुस्तकी वीत धरून प्रामाणिकपणे चित्र काढत होते आणि ते जुळत नव्हतं. दोघांचंही बरोबर होतं. मधल्या लोकांनी आम्हाला दहा मिनिटं बोलू दिलं असतं तर हे पहिल्याच महिन्यात मिटलं असतं.

दोन इंचांनी असा काय फरक पडतो, असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण वजन उंचीच्या घनाने वाढतं. सातचा घन ३४३ आणि नऊचा ७२९, म्हणजे नऊ इंचांची ठिपकी सात इंचांच्या ठिपकीपेक्षा दुपटीहून जड! दारामागे तिच्या पावलांचा आवाज येईल की नाही, फांदी तिचा भार पेलेल की नाही, सगळं त्याने बदलतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच : आकडा लिहा, आणि आकड्यासोबत प्रमाण लिहा. माझी उंची ६३ इंच आहे. सात इंचांची ठिपकी म्हणजे १ : ९. हे प्रमाण हाती आलं आणि अडलेलं सगळं भराभर सुटायला लागलं. नऊचा घन ७२९. माझं वजन ५४ किलो, भागिले ७२९, म्हणजे ठिपकी ७४ ग्रॅमची, जेमतेम अडीच चिमण्यांएवढी. तो आकडा वहीत उतरला तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या तळहातावर उभी राहिल्यासारखी वाटली.

खारीचा प्रसंग तिथेच संपला. पट्टेवाली खार साधारण शंभर ग्रॅमची. तिच्या पाठीवर ७४ ग्रॅमचा स्वार बसवणं म्हणजे हाल करणं. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार टाकू नये असा एक ढोबळ संकेत आहे. तो धरला तर ठिपकीला किमान ३७० ग्रॅमचं जनावर हवं. मी मुंगूस घेतलं. ते किलोभराचं तरी असतं, आणि त्या प्रसंगात सापही येत असल्याने सगळंच जमून आलं. खारीपेक्षा हा प्रसंग कितीतरी सरस झालाय, आणि त्याचं श्रेय त्या आकड्याला आहे.

हे आधी सांगायला हवं होतं : लिहायला बसण्यापूर्वीच तुमची माणसं कमरेएवढी आहेत की हातात मावणारी, ते ठरवा. या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतले टोल्किनचे हॉबिट पहिल्या जातीचे. त्यांची उंची दोन ते चार फूट असल्याचं लेखकाने प्रस्तावनेतच सांगून टाकलंय, शिवाय पूर्वी ते याहून उंच होते अशी पुस्तीही जोडलीय. एवढ्या उंचीला निसर्गाचे नियम फारसे आड येत नाहीत. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर २००३ साली जो सांगाडा मिळाला, त्या मानवी स्त्रीची उंची जेमतेम १०६ सेंटिमीटर होती आणि तिची जमात हत्यारं वापरत होती. तेव्हा कमरेएवढी माणसं लिहिताना दारं, खुर्च्या आणि पायऱ्या सांभाळल्या की निभावतं.

हातात मावणाऱ्यांचं तसं नाही. त्यांच्यासाठी पाणी, आग, भूक आणि पडणं सगळंच बदलतं. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॅल्डेन यांनी १९२६ सालच्या निबंधात लिहिलंय की छोटा उंदीर खोल खाणीत पडला तरी, तळ मऊ असेल तर, धक्का पचवून चालू लागतो, माणूस मात्र मोडतो. ते वाचल्यावर मी ठिपकीचं फळीवरून पडून पाय मोडणं काढून टाकलं. त्याऐवजी ती पाण्यात पडते. अंघोळ करून निघालेल्या माणसाच्या अंगावर साधारण अर्धा किलो पाणी राहतं. अंगाचं क्षेत्रफळ वर्गाने कमी होतं, म्हणून ठिपकीच्या अंगावर त्याचा एक्याऐंशीवा भाग, सहा ग्रॅम. आपल्याला नगण्य, पण तिच्या मानाने ते मी चार किलोचं ओझं घेऊन चालण्यासारखं आहे. ओल्या कपड्यांनिशी काठावर चढताना तिचे गुडघे थरथरतात, हे वाक्य त्या हिशोबातून आलं. पावसाचा थेंबही तिच्यासाठी लहान होत नाही. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब तिला आपल्याला साडेचार सेंटिमीटरचा वाटावा तसा लागतो.

भुकेचं गणित सगळ्यात जास्त लोक चुकवतात. स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या १७२६ सालच्या पुस्तकातले सहा इंची लिलिपुटवासी गलिव्हरला आपल्या बारापट उंच ठरवतात आणि बाराचा घन काढून १७२८ जणांचा शिधा लावून देतात. हिशोब देखणा आहे, पण भूक वजनाइतक्या वेगाने वाढत नाही. ती वजनाच्या पाऊण घाताने वाढते, हा मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली मांडलेला नियम लावला, तर ठिपकीला माझ्या खाण्याचा ७२९वा नव्हे, १४०वा भाग लागतो. म्हणजे वजनाच्या मानाने माझ्या पाचपट. माझी छोटी माणसं आता दिवसभर काही ना काही खात असतात, आणि त्यांच्या भांडणांचं मूळही साठवणीच्या कोठारात आहे. चाल मात्र नऊपट मंद होत नाही. पायाच्या लांबीच्या वर्गमुळाने मोजायची, म्हणजे आपल्या एक तृतीयांश.

आवाजाला मी सवलत घेतली. एवढ्याशा घशातून निघालेला आवाज फार बारीक असेल, कदाचित आपल्याला नीट ऐकूही येणार नाही. पण ठिपकी माणसाशी बोलते, त्यावर कादंबरी उभी आहे. ती सवलत मी जाणूनबुजून घेतली आणि वहीत तशी नोंद केली. अशा नोंदी ठेवा, म्हणजे कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं.

हे सगळं आकड्यांनी केलं तरी वाचकाला आकडे सांगू नका. त्याला एक वस्तू द्या. हे मी वालखिल्यांकडून शिकले. महाभारताच्या आदिपर्वात ते अंगठ्याएवढे ऋषी सगळे मिळून पळसाचा एक देठ वाहून नेताना दिसतात, आणि गाईच्या खुरात साचलेल्या पाण्यात त्यांची त्रेधा उडते. एक देठ आणि खुराएवढं पाणी. एवढ्यावर डोळ्यांपुढे माप उभं राहतं आणि इंद्राने त्यांना हसावं याचा रागही येतो. माझ्या तक्त्यात आता उंचीपुढे ‘७ इंच, १ : ९’ लिहिलंय आणि शेजारी ‘डेमी पुस्तकाआड पूर्ण लपते’.

सहाव्यांदा तक्ता गेला तो चार दिवसांत मंजूर झाला. त्यासोबत चित्रकारांनी पहिलं चित्र पाठवलं : उभं ठेवलेलं जाड पुस्तक, वरच्या कडेवर चार इवलीशी बोटं, बाकी काही नाही. मी ते कितीतरी वेळ बघत राहिले.

एक राहिलंच. पाठवलेल्या प्रत्येक तक्त्याची प्रत तारखेसकट जवळ ठेवा. माझा खणात हरवलेला कागद मला तिच्यामुळेच पुन्हा पाठवता आला. आणि सात इंचांची कागदी पट्टी कापून घरभर फिरवा, दाराच्या फटीला, कपाला, चपलेला लावून बघा. माझी पट्टी अजून टेबलाच्या पायाला चिकटवलेली आहे. दुसऱ्या भागात ठिपकीचा धाकटा भाऊ येतोय, त्याची खूण मी चार इंचांवर केलीय.